जयंतीची सुट्टी



चैत्र-वैशाखाच्या उन्हात, दिवसभर अंगाची काहिली झाल्यावर, संध्याकाळी आपण येथे सतरंजीवर येऊन बसता आणि वक्त्याचे बोलणे ऐकून घेता, हा आपला मोठेपणा आहे. या व्याख्यानांची चाल पुण्यास १८७५ साली पडली. तिच्या मुळाशी न्यायमूर्ती रानडे होते. कोर्टांना आणि शाळांना सुट्टी असते, तेव्हा माणसे जमतील, हा त्यांतला साधा हिशेब. सुट्टीचा इतका चांगला उपयोग नंतर फारसा कोणी केला नाही. आजचा आमचा विषय सुट्टीशीच संबंधित आहे. ज्यांनी आपल्याला शिकवले आणि ज्यांनी आपल्याला स्वतंत्र केले, त्यांच्या जन्मदिवशी आपण काय करतो, हे पाहावयाचे आहे.

मोसमही तसाच आहे. ११ एप्रिल हा जोतीराव फुल्यांचा जन्मदिवस, १४ एप्रिल बाबासाहेब आंबेडकरांचा, १८ एप्रिल अण्णासाहेब कर्व्यांचा, आणि ९ मे गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. चौघेही शिक्षक. जोतीरावांनी शाळा काढल्या व सावित्रीबाईंच्या जोडीने चालविल्या. बाबासाहेब मुंबईस सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते व पुढे सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. कर्वे आणि गोखले तर फर्ग्युसनचेच. पण गंमत अशी की या चौघांपैकी गोखल्यांची जयंती शाळेतल्या मुलांना ठाऊकच नसते. ९ मे रोजी शाळा बंद असतात! ज्यांना सुट्टी देता येत नाही, कारण ती आधीच लागलेली असते, त्यांचे नाव मुलांच्या कानांवर कसे जावे? आणि कर्व्यांची जयंती येते ऐन परीक्षेत. माणसाने जन्मास येतानाच शाळेचे वेळापत्रक पाहावयास हवे होते, असे म्हणावयाचे की काय!

‘जयंती’ हा शब्द आपल्याकडे मुळात देवांचा. हनुमान जयंती, दत्तजयंती. रामाची नवमी, कृष्णाची अष्टमी. माणसांच्या वाट्याला यायची ती पुण्यतिथी. तुकोबांची बीज हा त्यांच्या प्रयाणाचा दिवस, दासनवमी ही समर्थांच्या देह ठेवण्याची तिथी, आळंदीची कार्तिकातली गर्दी ज्ञानोबांच्या समाधीची. घरातही वडिलांची श्राद्धतिथी सर्वांच्या लक्षात असे, जन्मतिथी आजीला ठाऊक असली तर असे. गुरूला वंदन करावयाचे ते आषाढी पौर्णिमेला, आणि तीही व्यासांची. एखादा मनुष्य अमुक दिवशी जन्मला म्हणून गावाने एकत्र यावे, ही रीत आपल्याकडे गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतली. ती वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पण नवी आहे, म्हणून ती कशी पाळावी याचे वळण अजून पडलेले नाही. तिथी धरावी की तारीख, यावरच आपण कित्येक वर्षे भांडलो.

आणि तारीख तरी कोठे धड सापडते? आम्ही स्वतः एक जूनचे. या सभेत हात वर करावयास सांगितले, तर निदान पंधरा-वीस मंडळी एक जूनची निघतील. हे रहस्य आपणां सर्वांस ठाऊक आहे. आमची आई आम्हांला घेऊन शाळेत गेली, तेव्हा मास्तरांनी विचारले, ‘‘बाय, कधीचा हा?’’ ती म्हणाली, ‘‘लावणी चालली होती, मास्तर, नि व्हाळाला पाणी मावत नव्हतं.’’ मास्तरांनी आमच्याकडे पाहिले, बोटांवर काही मोजले आणि रजिस्टरात १ जून लिहिले. जूनमध्ये शाळा उघडते आणि त्या दिवशी मुलाचे वय भरलेले असले पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब. त्या तारखेवर पुढे आमची परीक्षा, आमची नोकरी, आमची निवृत्ती, सर्व काही झाले. जन्म आईने दिला खरा, पण जन्मदिवस दिला तो मास्तरांनी. आता दवाखान्यातून जन्माचा दाखला येतो, तेव्हा ही एक जूनची जमात हळूहळू संपत चालली आहे.

मोठ्या माणसांचेही असेच आहे. सरदार वल्लभभाई पटेलांची जन्मतारीख कोठे नोंदलेली नव्हती. मॅट्रिकच्या परीक्षेच्या वेळी त्यांनी स्वतःच ३१ ऑक्टोबर १८७५ ही तारीख लिहून दिली, आणि आज सारा देश ती पाळतो. ५ सप्टेंबरचा शिक्षकदिन घ्या. डॉ. राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले. मित्रांनी व जुन्या विद्यार्थ्यांनी वाढदिवस साजरा करावयाचा म्हटले, तेव्हा माझा नको, तो शिक्षकांचा दिवस म्हणून पाळा, असे त्यांनी सुचविले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्याच चिरंजीवांनी, इतिहासकार सर्वपल्ली गोपाल यांनी, त्यांचे चरित्र लिहिले, त्यात ५ सप्टेंबर १८८८ या तारखेविषयी शंका नोंदविली आहे. म्हणजे शिक्षकदिनसुद्धा कदाचित एक प्रकारचा एक जूनच! आम्हांला त्याचे दुःख वाटत नाही, उलट थोडी जवळीक वाटते.

वयाच्या या प्रश्नाने अण्णासाहेब कर्व्यांना किती छळले, ते त्यांच्या आत्मवृत्तात आहे. १८७५ साली मुरुडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्यास निघाला. शंभराहून अधिक मैलांची वाट, पावसाचे दिवस, कुंभार्लीचा घाट, पाठीवर ओझे. सोबतीला गावची मुले. चार दिवस चालून ते पोचले. परीक्षेला सतरा वर्षे पुरी हवी होती, आणि ती भरली होती. पण मुलगा अंगाने लहानखोर. परीक्षकांनी वर-खाली पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठविले. जन्मतारीख खरी असूनही तिचा उपयोग झाला नाही. याच माणसाचा शंभरावा वाढदिवस १९५८ साली देशाने साजरा केला, भारतरत्न ही पदवी त्यांना दिली, आणि त्यानंतरही ते चार वर्षे जगले. आमच्या मते कर्व्यांची जयंती साजरी करावयाची तर ती चालून करावी. शाळेतल्या मुलांना घेऊन पाच मैल चालावे. पुण्याहून हिंगण्यास ते रोज चिखल तुडवीत कसे जात, दिवसा कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी त्या झोपडीतल्या आश्रमाकडे कसे वळत, हे पायांना कळले म्हणजे भाषणाची गरज उरत नाही.

आता एका वाढदिवसाची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण वाढदिवस म्हणजे काय असू शकतो, हे तिच्यावरून चांगले कळते. २३ जुलै १९१६ हा लोकमान्यांचा साठावा वाढदिवस. त्यांच्या नशिबी जुलै महिना विचित्रच. आठ वर्षांपूर्वी, १९०८ साली, २२ जुलैच्या रात्री मुंबईस त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बावन्नावा वाढदिवस उजाडला तो कैदी म्हणून. मंडालेहून ते १९१४ साली परत आले. आता साठी आली. पुण्यास गायकवाडवाड्यात समारंभ झाला, मानपत्र झाले, आणि लोकांनी वर्गणी करून एक लाख रुपयांची थैली त्यांना दिली. १९१६ सालचे लाख रुपये! लोकमान्यांनी ती थैली स्वतःसाठी घेतली नाही, राष्ट्रकार्यासाठी ठेवली. त्याच दिवशी सरकारचीही भेट आली. बेळगाव आणि नगर येथे स्वराज्यावर केलेल्या भाषणांबद्दल, चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये, अशी ती नोटीस होती. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले होते. एका हातात लाखाची थैली, दुसऱ्या हातात चाळीस हजारांची मागणी! पुढे नोव्हेंबरात मुंबईच्या हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. लोकमान्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे होते.

तो समारंभ ज्यांनी केला, त्यांना त्यासाठी काही द्यावे लागले. सरकारी नोकराने तेथे तोंड दाखविणे धोक्याचे होते. पैसे दिले तर नाव नोंदले जाण्याची भीती. आज कोणत्याही पुढाऱ्याच्या तसबिरीला हार घालताना आपल्याला असली भीती नसते, हे चांगलेच आहे. त्यासाठीच तर ते लोक झिजले. पण भीती गेली तसा त्या हारातला जीवही थोडा गेला. हार घालणे फुकट झाले आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरातले वाढदिवस पाहिले की आम्हांला नेहमी अहमदनगरचा किल्ला आठवतो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी तेथे डांबली गेली. त्यांत वल्लभभाई होते आणि आचार्य नरेंद्र देव होते. दोघांचीही तारीख ३१ ऑक्टोबर. मौलाना आझाद होते आणि आचार्य कृपलानी होते. नोंदीप्रमाणे दोघांचीही तारीख ११ नोव्हेंबर १८८८, दिवसही तोच आणि सालही तेच. जवाहरलालजींची १४ नोव्हेंबर. असे तीन ऑक्टोबर आणि तीन नोव्हेंबर त्या तटाच्या आत गेले. नरेंद्र देव काशी विद्यापीठाचे, कृपलानी एके काळी मुझफ्फरपूरच्या कॉलेजात प्राध्यापक व पुढे गुजरात विद्यापीठाचे आचार्य. तुरुंग म्हणावा की कॉलेज, असा प्रश्न पडावा. नेहरूंनी भारताच्या शोधाचे आपले पुस्तक तेथेच १९४४ साली लिहिले, आणि या सोबत्यांच्या विद्वत्तेचा आपल्याला किती उपयोग झाला, हे त्यात नमूद केले. मौलानांची पत्नी १९४३ साली कलकत्त्यास वारली, तेव्हा ते याच तटाच्या आत होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले शिक्षणमंत्री, आणि २००८ सालापासून ११ नोव्हेंबर हा राष्ट्रीय शिक्षणदिन झाला. तीन दिवसांनी बालदिन. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांच्या सहली निघतात, नगरचा किल्ला काही फार लांब नाही. पण मुलांना नेतात ते बहुधा पाण्यावरच्या घसरगुंड्या असलेल्या बागेत. असो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जयंतीच्या दिवशी बोलावे तरी कसे, याचा वस्तुपाठ आमच्या दृष्टीने एकच. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास गोखले हॉलमध्ये डेक्कन सभेने रानड्यांची एकशेएकावी जयंती केली आणि भाषणाला बोलाविले बाबासाहेब आंबेडकरांना. त्या भाषणात त्यांनी आपली एक लहानपणची आठवण सांगितली आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी ते साताऱ्यास शाळेत होते. त्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाली. का मिळाली, तर रानडे वारले म्हणून. रानडे कोण, त्यांनी काय केले, त्या नऊ वर्षांच्या मुलाला काहीच ठाऊक नव्हते. इतर मुलांसारखा तोही सुट्टीच्या आनंदात होता. पुढे मोठेपणी वडिलांच्या जुन्या कागदांत त्यांना एका अर्जाचा मसुदा सापडला. १८९२ साली महारांची पलटणीत भरती बंद झाली, तिच्याविरुद्धचा तो अर्ज. तो रानड्यांनी करून दिला होता, असे त्यांना समजले.

श्रोतेहो, ही आठवण आम्ही किती वेळा वाचली असेल! एक मुलगा सुट्टी मिळाली म्हणून खुशीत उड्या मारतो आहे, आणि ज्याच्यासाठी सुट्टी, त्या माणसाच्या हातचा कागद त्याच्याच घरात, त्याच्याच बापाच्या पेटीत पडून आहे. शाळेने सुट्टी दिली, पण तो कागद दाखविला नाही. कारण शाळेलाही तो ठाऊक नव्हता.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कठोर शब्द काढले. थोराविषयी आदर बाळगणे वेगळे आणि आपली विचारशक्ती त्याच्या पायी वाहून टाकणे वेगळे, असा त्यांचा आशय होता. जयंतीच्या व्यासपीठावरून त्यांनी रानड्यांची तुलना हयात पुढाऱ्यांशी केली, कोणाची भीड ठेवली नाही, आणि वर्तमानपत्रांची टीका ओढवून घेतली. आम्ही त्यांच्या सर्व मतांशी सहमत आहोत असे नाही. तुलना करताना त्यांची तुला कोठे कोठे एका बाजूला झुकते, असे आम्हांला वाटते. पण त्या संध्याकाळी रानडे जिवंत होते, एवढे खास.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही तीस वर्षे शाळामास्तर होतो. जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या भाषणांचे काम आमच्याकडे असे. आमच्याजवळ एक वही होती. तीत टिळकांचे एक भाषण, गांधीजींचे एक, सावित्रीबाईंचे एक, अशी दहा-बारा भाषणे सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवलेली. दर वर्षी नवा मुलगा पुढे यायचा, जुने भाषण पाठ करायचा. टिळकांच्या भाषणात शेंगांची टरफले. दुसरे काय असणार? १ ऑगस्टला तोच अण्णाभाऊ साठ्यांचाही जन्मदिवस, म्हणून नंतर वहीत आणखी एक पान घातले. पंधरा मिनिटांत दोन्ही आटोपून मुले वर्गात जात.

एकदा एस. टी. स्टँडवर एका कंडक्टरने आम्हांला नमस्कार केला. आमचाच विद्यार्थी. ‘‘गुरुजी, तुमचं टिळकांचं भाषण अजून तोंडपाठ आहे,’’ असे म्हणून त्याने उभ्या उभ्या अर्धे म्हणून दाखविले. माणसे हसली, आम्हीही फुशारलो. मग तो म्हणाला, ‘‘पण एक विचारू का? परवा माझ्या मुलीनं विचारलं, बाबा, टिळक शाळेत शिकवायचे म्हणतात, ते शिकवायचे काय? मला नाही सांगता आलं.’’ आम्ही म्हणालो, गणित आणि संस्कृत. ‘‘मग ते भाषणात का नव्हतं, गुरुजी?’’ गाडी सुटण्याची वेळ झाली होती, म्हणून उत्तर द्यावे लागले नाही.

उत्तर होते ते असे, की आम्ही स्वतः गणिताचे मास्तर असूनसुद्धा ते वहीत लिहिण्याचे आम्हांला सुचले नव्हते. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, विष्णुशास्त्री, टिळक, नामजोशी आणि मागून आगरकर येऊन मिळाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. सरकारी नोकरीत कितीतरी अधिक मिळाले असते, ते सोडून ही मंडळी तुटपुंज्या पगारावर राहिली. आणि १८९० साली, बाहेरचे काम व बाहेरचे उत्पन्न सभासदांनी करावे की नाही या वादातून, टिळक त्या संस्थेतून बाहेर पडले. त्यांच्या मागे रिकाम्या झालेल्या गणिताच्या जागेवर गोखल्यांनी मुंबईहून बोलावून आणले ते कर्व्यांना. हे सगळे आम्हांला माहीत होते. मुलांना सांगितली ती टरफले.

पुढच्या २३ जुलैला आम्ही वही बाहेर काढली नाही. दहावीच्या वर्गात फळ्यावर एक प्रमेय मांडले आणि ते दोन रीतींनी सोडवून घेतले, कारण विद्यार्थ्याने उत्तर घोकू नये, रीत शोधावी, असा टिळकांचा आग्रह असे. हार नाही, भाषण नाही. दुसऱ्या दिवशी दोन पालक भेटावयास आले. शाळेत यंदा लोकमान्यांचा अपमान झाला, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची समजूत घालता घालता आम्हांला पुरे झाले, आणि खरे सांगायचे तर ती पुरती पटली नाही. तेव्हापासून एक हारही घालू लागलो.

सुट्टीचा प्रश्न इतर ठिकाणीही चर्चेला आलेला आहे. उत्तर प्रदेशात २०१७ साली पंधरा जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या शाळेच्या सुट्ट्या रद्द करून त्या दिवशी त्या व्यक्तीविषयी मुलांना शिकवावे, असे जाहीर झाले. आपल्याकडे डॉ. अब्दुल कलामांची जयंती, १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. ही कल्पना आम्हांला पसंत आहे. गांधीजींनी तर आपला वाढदिवस चरख्याचा करून टाकला होता, भाद्रपद वद्य द्वादशी ही चरखा द्वादशी. माझे नाव घेऊ नका, सूत काता. सूत कातणे आज कोणाला जमणार नाही, पण पान वाचणे जमावे.

गोखल्यांना सुट्टी नाही, हे वर म्हटले. त्यांच्यासाठी हीच व्याख्यानमाला आहे, तेव्हा दोन शब्द सांगून टाकतो. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. मागणी फार माफक होती. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना द्यावा, तोही हळूहळू. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोध करणाऱ्यांत नुसते साहेब नव्हते, आपलेही होते. शेतावर राबणारी पोरे शाळेत गेली तर शेताचे काय, असा त्यांचा घोर. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. मधली अठ्ठ्याण्णव वर्षे आपण मोजावीत. आणि ९ मे ही तारीख आणखी एका माणसाची आहे. कर्मवीर भाऊराव पाटील १९५९ साली त्याच दिवशी वारले. गोखल्यांचे पडलेले बिल ज्याने कायद्यावाचून अमलात आणले, तो हा गृहस्थ. वसतिगृहातल्या पोरांना धान्य नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले, शेवटी मंगळसूत्रही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते आमच्या लक्षात आले आहे. एवढेच सांगून रजा घेतो.

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेला गेल्या काही वर्षांत शंभर वर्षे झाली. जुनी दप्तरे झाडण्यासाठी आम्हांलाही बोलाविले होते. वाळवीने अर्धे खाल्लेले जनरल रजिस्टर सापडले. आमचे नाव सापडले. मास्तरांचे अक्षर उजवीकडे झुकलेले, शाई तांबूस झालेली, आणि त्या एका पानावर बावीस मुलांपैकी सतरांचा जन्म १ जूनचा. त्यांतला एक मामलेदार झाला, एक गिरणीत गेला, दोघे सैन्यात गेले, बाकीचे येथेच राहिले. आम्हांला वाटले, या मास्तरांची जयंती आपण करावी. त्यांची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. मुलगा परगावी, पत्ता नाही. शेवटी त्याच कपाटात त्यांचे सेवापुस्तक मिळाले. पहिल्या पानावर त्यांच्याही मास्तरांनी केव्हातरी सांगितलेली तारीख होती. १ जून.